कॅव्हेंडिश : एका इंग्रज सरदार घराण्याचा आणि त्याच्या आडनावाचा इतिहास

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कॅव्हेंडिश हे नाव पहिल्या वर्षातच भेटते. पीळ-तराजूचा प्रयोग, हायड्रोजन वायूचा शोध, केंब्रिजमधली कॅव्हेंडिश प्रयोगशाळा, हे सगळे परीक्षेपुरते पाठ होते आणि पुढे विसरले जाते. कृषी शाखेच्या विद्यार्थ्याला तेच नाव केळीच्या जातींमध्ये भेटते. इतिहास वाचणाऱ्याला ते सतीबंदीचा कायदा करणाऱ्या गव्हर्नर जनरलच्या पूर्ण नावात सापडते, कारण लॉर्ड विल्यम बेंटिक यांचे पूर्ण आडनाव कॅव्हेंडिश-बेंटिक असे होते. हे सगळे कॅव्हेंडिश एकमेकांचे कोण, हा प्रश्न मात्र वर्गात फारसा विचारला जात नाही. ते खरोखरच एका घराण्याचे आहेत. नाते सांगायला इंग्रजी भाषेत 'कझिन' हा एकच शब्द असल्यामुळे इंग्रजी पुस्तकांत ते धूसर राहते. आपल्याकडे चुलता, मामा, पुतण्या असे नेमके शब्द आहेत. या टिपणात त्यांचा उपयोग करू.

आडनाव कुठून आले

कॅव्हेंडिश हे मुळात गावाचे नाव. इंग्लंडच्या पूर्वेला सफक परगण्यात स्टूर नदीच्या काठी हे लहान गाव आजही आहे. १०८६ साली विजेत्या नॉर्मन राजाने देशभराची जमीनपाहणी करून जी नोंदवही तयार केली, त्या 'डोम्सडे बुक'मध्ये या गावाची नोंद आहे. नावाचा अर्थ जुन्या इंग्रजीतला : काफ्ना नावाच्या माणसाचे कुंपण घातलेले कुरण. म्हणजे हे आडनाव आपल्या 'कर' लागणाऱ्या आडनावांच्या जातीचे आहे. गाव सोडून बाहेर गेलेल्या माणसाला गावाच्या नावाने ओळखतात. जो गावातच राहतो त्याला तशी ओळख लागत नाही. जुन्या कागदांत ते 'कँडिश' असेही लिहिलेले आढळते, कारण त्या काळी उच्चारात मधला भाग गिळला जाई. १५८६ ते १५८८ या काळात जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा टॉमस कॅव्हेंडिश हाही सफकचाच, त्याच मूळ खोडाची एक फांदी.

घराण्याचा पहिला ठळक पुरुष म्हणजे सर जॉन कॅव्हेंडिश. तो कायद्याच्या पेशातून वर आला आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजाच्या न्यायपीठाचा मुख्य न्यायाधीश झाला. प्लेगच्या साथीत इंग्लंडची मोठी लोकसंख्या मेल्यावर मजूर दुर्मिळ झाले आणि मजुरी वाढू लागली. ती वाढू नये म्हणून कायदे झाले, आणि ते राबवण्याचे काम न्यायाधीशांकडे आले. त्यात १३८० च्या अखेरीस डोईपट्टी लादली गेली : पंधरा वर्षांवरील प्रत्येकाने माणशी एक शिलिंग, मग तो सरदार असो की शेतमजूर. पुढच्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांचे बंड पेटले. जून १३८१ मध्ये सर जॉन लेकनहीथजवळ बंडखोरांच्या हाती सापडला. नदीवर एक होडी होती, तिच्यातून तो निसटू पाहत होता. पण कॅथरिन गेमन नावाच्या एका बाईने ती होडी काठापासून दूर ढकलली, अशी नोंद आहे. त्याचे शिर कापून बरी सेंट एडमंड्सच्या बाजारात लटकवण्यात आले.

घराण्याच्या इतिहासाची सुरुवात अशी आहे. राजाची नोकरी करावी, त्यातून जमीन मिळवावी, आणि सामान्य माणसाच्या रोषाचा धोका पत्करावा. पुढचे दीडशे वर्षे हे कुटुंब सफकमध्ये मध्यम प्रतीचे जमीनदार म्हणून राहिले. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही.

मठांच्या जमिनी आणि बेस

खरी श्रीमंती आली ती आठव्या हेन्रीच्या काळात. १५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत राजाने इंग्लंडमधले ख्रिस्ती मठ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. हे काम करायला हिशेब जाणणारी माणसे लागत. मठात जायचे, जमिनी, भांडी, घंटा, छपरावरचे शिसे यांची मोजदाद करायची, शरणपत्रावर सही घ्यायची. विल्यम कॅव्हेंडिश हा अशाच हिशेबनिसांपैकी एक. जप्त मालमत्तेचा काही हिस्सा अशा अधिकाऱ्यांना स्वस्तात मिळत असे आणि विल्यमलाही तो मिळाला. १५४६ मध्ये तो राजाच्या खासगी खजिन्याचा खजिनदार झाला व 'सर' झाला. पुढे १५५७ मध्ये त्याच्या हिशेबाची तपासणी झाली तेव्हा पाच हजार पौंडांहून अधिक रक्कम जुळेना. त्याच वर्षी तो वारला, आणि ते प्रकरण विधवेच्या गळ्यात पडले.

ही विधवा म्हणजे एलिझाबेथ हार्डविक, इतिहासात 'बेस ऑफ हार्डविक' या नावाने ओळखली जाणारी बाई. माझ्या मते या घराण्याचा संस्थापक कोणी पुरुष नाही, ही बाई आहे. डर्बीशायरमधल्या एका साधारण जमीनदाराची ती मुलगी. तिची चार लग्ने झाली. पहिला नवरा लवकरच गेला. दुसरा विल्यम कॅव्हेंडिश, त्याच्याशी १५४७ मध्ये लग्न. त्याच्यापासून आठ मुले झाली, सहा जगली. तिसरा सर विल्यम सेंट लो. चौथा श्रूसबरीचा अर्ल जॉर्ज टॅलबट, देशातल्या सर्वांत श्रीमंत सरदारांपैकी एक. प्रत्येक लग्नागणिक तिची पायरी वर गेली. पण मुले फक्त दुसऱ्या नवऱ्याची, म्हणून पुढे वाढले ते कॅव्हेंडिश हे नाव.

तिच्याच आग्रहाने विल्यमने दक्षिणेतल्या जमिनी विकून तिच्या माहेरच्या मुलखात जमिनी घ्यायला सुरुवात केली. १५४९ मध्ये चॅट्सवर्थ सहाशे पौंडांना विकत घेतले आणि १५५२ मध्ये तिथे बांधकाम सुरू झाले. म्हणजे सफकचे आडनाव लावणारे घराणे डर्बीशायरचे झाले ते बायकोच्या माहेरामुळे. चौथे लग्न करताना तिने आणखी एक पक्की गाठ मारली. १५६८ मध्ये तिच्या मुलाचे लग्न नव्या नवऱ्याच्या मुलीशी आणि तिच्या मुलीचे लग्न त्याच्या मुलाशी लावून दिले. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात. सरदार घराण्यांत ते किती उघडपणे मालमत्तेसाठी होई हे इथे दिसते. दुसऱ्या एका मुलीचे लग्न तिने राजघराण्याच्या रक्ताच्या चार्ल्स स्टुअर्टशी जमवले. त्यांची मुलगी आर्बेला इंग्लंडच्या गादीची एक दावेदार ठरली, आणि तोच दावा अंगलट येऊन १६१५ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत मेली.

चौथ्या नवऱ्याचे आणि बेसचे पुढे फाटले. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिला पंधराएक वर्षे नजरकैदेत ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर होती, त्याचा खर्च आणि ताण हे एक कारण. तो १५९० मध्ये वारल्यावर बेस साठी ओलांडलेली होती. त्या वयात तिने हार्डविक हॉल बांधायला घेतला आणि १५९७ मध्ये पुरा केला. काच तेव्हा महाग असे, आणि या इमारतीच्या दर्शनी भागात भिंतीपेक्षा खिडक्याच जास्त दिसतात. स्थापत्य शिकणाऱ्यांनी तिचा नकाशा जरूर पाहावा. वरच्या मजल्यावर जाताना खिडक्या उंच होत जातात, कारण मानाच्या खोल्या सर्वांत वर आहेत. मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली 'ई' आणि 'एस' ही अक्षरे आहेत : एलिझाबेथ श्रूसबरी. बेस १६०८ मध्ये वारली.

डर्बीशायरचे घराणे, डेव्हनशायरची पदवी

इथे विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो, म्हणून थोडे थांबू. इंग्लंडमध्ये आडनाव आणि सरदारकीची पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेसचा दुसरा मुलगा विल्यम १६१८ मध्ये डेव्हनशायरचा अर्ल झाला. त्यासाठी पहिल्या जेम्स राजाला दहा हजार पौंड मोजावे लागले. राजाला पैशाची गरज होती आणि पदव्यांची विक्री उघड गुपित होते. पण डेव्हनशायर परगणा आहे नैर्ऋत्येला, चॅट्सवर्थपासून दूर, आणि कॅव्हेंडिशांचा त्याच्याशी संबंध नव्हता. लिहिणाऱ्या कारकुनाने डर्बीशायरऐवजी चुकून डेव्हनशायर लिहिले अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट छान आहे, पण तिला आधार नाही. डर्बीची अर्लकी स्टॅनली घराण्याकडे आधीपासून होती, म्हणून ते नाव मिळणे शक्यच नव्हते, एवढे मात्र नक्की.

पुढे १६८८ मध्ये राजा दुसरा जेम्स याला हटवण्यासाठी ऑरेंजच्या विल्यमला बोलावणाऱ्या सात जणांच्या पत्रावर चौथ्या अर्लने सही केली. बंड फसले असते तर फाशी. ते यशस्वी झाले, आणि १६९४ मध्ये चौथा अर्ल पहिला ड्यूक झाला.

तेव्हापासून रीत अशी : घराण्याचा प्रमुख 'ड्यूक ऑफ डेव्हनशायर'. त्याचा थोरला मुलगा बापाच्या हयातीत 'मार्क्वेस ऑफ हार्टिंग्टन', तेही केवळ मानाने. धाकटी मुले 'लॉर्ड' आणि पुढे स्वतःचे नाव व आडनाव, जसे लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश. त्या धाकट्यांची मुले मात्र 'लॉर्ड' नाहीत. म्हणून आपला शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश ड्यूकचा नातू असूनही पुस्तकात नुसता हेन्री असतो. जमीन आणि पदवी थोरल्याकडे जाते, धाकट्यांकडे नेमणूक आणि आडनाव उरते. आपल्याकडची वतने भावांत वाटली जाऊन दोन-तीन पिढ्यांत तुकडे होत. इंग्लंडमध्ये थोरल्याच्या वारशामुळे एकच ढीग शतकानुशतके शाबूत राहिला. त्याची किंमत धाकट्या मुलांनी आणि सगळ्या मुलींनी मोजली.

या काळातली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १६०८ मध्ये ऑक्सफर्डहून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण या घरात मुलाचा शिक्षक म्हणून लागला. तो टॉमस हॉब्ज. राज्यशास्त्रात 'लेव्हायथन' या ग्रंथाने गाजलेला हा तत्त्वज्ञ आयुष्याचा मोठा भाग कॅव्हेंडिशांच्या आश्रयाने जगला आणि १६७९ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी हार्डविक हॉलमध्येच वारला. सत्ता कोणाकडे आणि का असावी याचा एवढा रोखठोक विचार सरदाराच्या घरच्या मास्तराने केला याची मला नेहमी गंमत वाटते.

बायकांमधून वाहिलेले नाव

बेसचा तिसरा मुलगा चार्ल्स. त्याची शाखा नॉटिंगहॅमशायरमध्ये वेलबेक इथे राहिली. त्याचा मुलगा विल्यम हा न्यूकॅसलचा ड्यूक झाला. यादवी युद्धात तो राजाच्या बाजूने लढला, हरला आणि परदेशी पळाला. त्याची दुसरी बायको मार्गारेट कॅव्हेंडिश. तिने नैसर्गिक तत्त्वज्ञानावर पुस्तके लिहिली, आणि तीही स्वतःच्या नावाने छापली. त्या काळी बाईने असे करणे हेच धाडस होते. ३० मे १६६७ रोजी तिने लंडनच्या रॉयल सोसायटीला भेट दिली. तिथे जाणारी ती पहिली बाई. सभासदांनी तिला बॉइलच्या हवापंपासह काही प्रयोग करून दाखवले. प्रयोग दाखवले, पण सभासद करून घेण्याचा प्रश्न नव्हता. रॉयल सोसायटीने स्त्रियांना सभासद करून घेतले ते थेट १९४५ मध्ये.

मार्गारेटला मूल नव्हते. विल्यमचा पहिल्या बायकोपासूनचा मुलगा हेन्री हा न्यूकॅसलचा दुसरा ड्यूक, आणि त्याच्यामागे मुलगा उरला नाही. मग वेलबेकची मालमत्ता मुलीकडे, तिच्या मुलीकडे आणि पुन्हा तिच्या मुलीकडे अशी गेली. दर पिढीला नवऱ्याचे आडनाव वेगळे : होल्स, हार्ली, बेंटिक. पण मालमत्ता मूळची कॅव्हेंडिश, म्हणून कॅव्हेंडिश हे नाव मधले नाव म्हणून का होईना टिकवले गेले. शेवटच्या बाईचा मुलगा पोर्टलंडचा तिसरा ड्यूक, दोनदा ब्रिटनचा पंतप्रधान झालेला. त्याने १८०१ मध्ये राजाच्या परवान्याने बेंटिकच्या आधी कॅव्हेंडिश जोडून घेतले. आपल्याकडे दत्तक गेलेला मुलगा वतनासोबत आडनावही घेतो, तसाच हा प्रकार. जमिनीबरोबर नाव येते.

त्यात भर म्हणजे या तिसऱ्या ड्यूकची बायकोही कॅव्हेंडिश, दुसऱ्या म्हणजे डेव्हनशायर शाखेतली : चौथ्या ड्यूकची मुलगी डोरोथी. या दोघांचा मुलगा लॉर्ड विल्यम बेंटिक. मद्रासचा गव्हर्नर असताना १८०६ मध्ये वेल्लोरचा उठाव झाला आणि त्याला परत बोलावले गेले. पुढे १८२८ ते १८३५ या काळात तो गव्हर्नर जनरल होता. डिसेंबर १८२९ चा सतीबंदीचा नियम आणि १८३५ चा इंग्रजी शिक्षणाचा निर्णय त्याच्या काळातला. आज आपण मराठीत अभियांत्रिकीची टिपणे लिहितो आणि ती लिहावी लागतात याचे मूळ शोधत गेले तर या निर्णयापाशीही थांबावे लागते. तर बेंटिक हा आईकडून डेव्हनशायर शाखेचा आणि वडिलांच्या आईकडून वेलबेक शाखेचा, दोन्ही अंगांनी बेस हार्डविकचा वंशज.

आता शास्त्रज्ञ हेन्रीशी त्याचे नाते. बेंटिकच्या आईचे वडील, म्हणजे डेव्हनशायरचा चौथा ड्यूक, आणि हेन्री हे सख्खे चुलतभाऊ. इतके जवळचे.

हेन्री

चौथ्या ड्यूकबद्दल एक वाक्य : १७५६-५७ मध्ये तो काही महिने पंतप्रधान होता आणि त्याची बायको शार्लट बॉइल ही बॉइलचा नियम सांगणाऱ्या रॉबर्ट बॉइलच्या थोरल्या भावाच्या वंशातली, आयर्लंड आणि यॉर्कशायरमधली मोठी मालमत्ता घेऊन आलेली. बॉइल आणि कॅव्हेंडिश ही पाठ्यपुस्तकातली दोन नावे अशी एका लग्नात एकत्र आली.

हेन्रीचे वडील लॉर्ड चार्ल्स हे दुसऱ्या ड्यूकचे धाकटे मुलगे. तेही विज्ञानप्रेमी होते. दिवसातले कमाल आणि किमान तापमान स्वतःच नोंदवून ठेवणारे तापमापक त्यांनी बनवले आणि त्यासाठी १७५७ मध्ये रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळवले. पाठ्यपुस्तके हेन्रीला आकाशातून पडलेला विक्षिप्त प्रतिभावंत म्हणून रंगवतात, तेव्हा हे वडील गाळले जातात. हेन्री १७३१ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेला नीस इथे जन्मला. दोन वर्षांचा असताना आई गेली. केंब्रिजला शिकला, पदवी न घेता बाहेर पडला, आणि पन्नाशीपर्यंत वडिलांच्या घरीच राहून प्रयोग करत राहिला. फार थोडे बोलत असे, अनोळखी माणसांना आणि विशेषतः स्त्रियांना टाळत असे. लग्न केले नाही.

१७६६ मध्ये त्याने धातूंवर आम्ल टाकून मिळणाऱ्या ज्वालाग्राही हवेचा, म्हणजे हायड्रोजनचा, पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे ती हवा जाळली की पाणी बनते हे दाखवले. १७८५ च्या एका प्रयोगात त्याने हवेतला नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी संयोगात आणून काढून टाकला. तरी एक बुडबुडा उरला, मूळ नायट्रोजनच्या १/१२० भागापेक्षा जास्त नाही. त्याने तो आकडा लिहून ठेवला. शंभरेक वर्षांनी, १८९४ मध्ये रॅली आणि रॅमसे यांनी त्या बुडबुड्यातला वायू ओळखला. तो आर्गॉन. उरलेला बुडबुडा 'प्रयोगातली चूक' म्हणून सोडून न देणे हे आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना शिकवायला सर्वांत अवघड जाते. तिथे आकडे फारच छान जुळतात.

१७९८ चा पीळ-तराजूचा प्रयोग त्याने लंडनजवळ क्लॅपम इथल्या घरी केला. कल्पना आणि उपकरण मूळचे जॉन मिशेल यांचे, त्यांच्या मृत्यूनंतर ते हेन्रीकडे आले आणि त्याने ते बहुतांशी नव्याने बांधले. सहा फूट लांब दांडी तारेला आडवी टांगलेली, दोन टोकांना दोन इंच व्यासाचे शिशाचे गोळे, आणि त्यांच्याजवळ आणलेले बारा इंच व्यासाचे, प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे दोन मोठे गोळे. मोजायचे बल वाळूच्या बारीक कणाच्या वजनाइतके. खोलीत माणूस शिरला तरी त्याच्या अंगाच्या उष्णतेने हवा हलेल, म्हणून हेन्री खोली बंद करून बाहेरून दुर्बिणीतून दांडीची हालचाल वाचत असे. एक दुरुस्ती इथे करून ठेवतो : त्याने गुरुत्व स्थिरांक मोजला असे आपण लिहितो, पण त्याच्या निबंधात तो स्थिरांक नाही. त्याने मोजली ती पृथ्वीची घनता, पाण्याच्या ५.४८ पट. आजचा आकडा ५.५१ च्या आसपास आहे. स्थिरांक त्या आकड्यांतून पुढच्या लोकांनी काढला.

विजेवरचे त्याचे बहुतेक काम त्याने छापलेच नाही. विद्युतप्रभारांमधले बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते हे त्याने कूलॉमच्या आधी तपासले होते. प्रवाह मोजायचे यंत्र नव्हते, म्हणून तो स्वतःच्या शरीरातून धक्का घेऊन दोन धक्क्यांची तुलना करत असे.

हे सगळे करायला पैसा कुठून आला? वडिलांकडून, आणि त्यांच्यामार्फत नात्यातून आलेल्या वारशातून. १८१० मध्ये तो वारला तेव्हा त्याची संपत्ती सुमारे दहा लाख पौंड होती. म्हणजे मठांच्या जमिनी, बेसची लग्ने, कुळांचा खंड, ड्यूककडच्या एक्टन इथल्या तांब्याच्या खाणींसारखी मिळकत ज्या घराण्याची, त्याच घराण्याचा हा मोकळा वेळ. केवळ पैशाने शोध लागले असे म्हणण्यात अर्थ नाही. त्याच सुमारास पाचव्या ड्यूकची बायको जॉर्जियाना जुगारात प्रचंड कर्ज करत होती, पैसा तोच होता. पण पैशाशिवाय, नोकरी आणि पदवीची चिंता न करता चाळीस वर्षे प्रयोग, हेही अशक्य होते. त्या काळात जो खाण कामगाराचा मुलगा तितकाच हुशार असेल, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. हेन्रीला डर्बीच्या चर्चमध्ये पुरले, बेसच्याच तळघरात.

केळी

हेन्रीने बहुतेक संपत्ती आपल्या पुतण्याला, चौथ्या ड्यूकचा धाकटा मुलगा लॉर्ड जॉर्ज कॅव्हेंडिश याला दिली. हा जॉर्ज म्हणजे डोरोथीचा भाऊ, आपल्या बेंटिकचा मामा. ड्यूकची गादी तेव्हा दुसऱ्या शाखेत होती. १८११ मध्ये गादीवर आलेला सहावा ड्यूक जन्मभर अविवाहित राहिला आणि त्याचा छंद बागा. त्याने १८२६ मध्ये जोसेफ पॅक्स्टन या शेतकऱ्याच्या मुलाला चॅट्सवर्थचा मुख्य माळी नेमले. पॅक्स्टनने लाकूड, लोखंड आणि काचेची प्रचंड उष्णगृहे बांधली, आणि त्याच अनुभवावर १८५१ च्या लंडन प्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस उभा केला. ड्यूकने जॉन गिब्सन या माळ्याला भारतातही पाठवले. तो कलकत्ता आणि खासी टेकड्या फिरून १८३७ मध्ये ऑर्किडे व इतर झाडे घेऊन परतला.

मॉरिशसमार्गे आलेले केळीचे एक बुटके रोप पॅक्स्टनने उष्णगृहात वाढवले. १८३५ च्या नोव्हेंबरमध्ये ते फुलले आणि पुढे फळले. मालकाच्या आडनावावरून त्याला शास्त्रीय नाव मिळाले. मिशनऱ्यांनी तिथली रोपे पॅसिफिक बेटांवर नेली. विसाव्या शतकाच्या मध्याला पनामा रोगाने ग्रो मिशेल ही निर्यातीची जात बसवली, तेव्हा कॅव्हेंडिश गटाच्या जातींना बाजार मिळाला. आपल्याकडची बसराई ही बुटकी कॅव्हेंडिशच, आणि जळगावात आज होणारी ग्रँड नैन त्याच गटातली. झाड मूळचे आशियाचे, वाढवणारा शेतकऱ्याचा मुलगा, नाव मात्र ड्यूकचे.

प्रयोगशाळा, आणि कर

सहाव्याला मूल नसल्याने १८५८ मध्ये गादी लॉर्ड जॉर्जच्या नातवाकडे आली. म्हणजे हेन्रीचा पैसा ज्या शाखेत गेला होता तिच्याकडेच आता ड्यूकपद आले. हा सातवा ड्यूक केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८२९ मध्ये दुसरा आलेला. त्याने बॅरो इथे लोखंड-पोलाद आणि जहाजबांधणीत पैसा घातला, आणि १८६९ मध्ये स्थापन झालेल्या आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटचा तो पहिला अध्यक्ष. केंब्रिजचा कुलपती म्हणून त्याने १८७० मध्ये प्रायोगिक भौतिकशास्त्राच्या इमारतीसाठी ६,३०० पौंड देऊ केले. १८७४ मध्ये ती सुरू झाली. पहिले प्राध्यापक जेम्स क्लार्क मॅक्सवेल. त्यांनी आयुष्याची शेवटची काही वर्षे हेन्रीची न छापलेली विजेवरची हस्तलिखिते संपादित करण्यात घालवली. ती १८७९ मध्ये प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी मॅक्सवेल गेले. याच प्रयोगशाळेत १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन, १९३२ मध्ये न्यूट्रॉन सापडला. मुंबईचे होमी भाभा तिथेच घडले.

सातव्याचा थोरला मुलगा, हार्टिंग्टन या नावाने प्रसिद्ध असलेला, १८८० ते १८८२ मध्ये भारतमंत्री होता. त्याचा धाकटा भाऊ लॉर्ड फ्रेडरिक ६ मे १८८२ रोजी आयर्लंडचा मुख्य सचिव म्हणून डब्लिनला उतरला आणि त्याच संध्याकाळी फीनिक्स पार्कमध्ये सुऱ्यांनी मारला गेला. जॉन कॅव्हेंडिशनंतर पाचशे वर्षे आणि एक वर्ष झाले होते.

पोलादातला बराच पैसा बुडाला. सातवा १८९१ मध्ये वारला तेव्हा मोठे कर्ज मागे राहिले. लंडनचा डेव्हनशायर हाउस पहिल्या महायुद्धानंतर विकला गेला व पाडला गेला. दुसऱ्या महायुद्धात गादीचा वारस बेल्जियममध्ये मारला गेला, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या केनेडीच्या बहिणीशी लग्न करून चार महिने झाले होते. धाकटा भाऊ वारस झाला. मृत्युकर चुकवण्यासाठी दहाव्या ड्यूकने मालमत्ता आधीच मुलाकडे वळवली होती. कायद्याची अट अशी की त्यानंतर पाच वर्षे जगले पाहिजे. मुदत पुरी व्हायला काही महिने उरले असताना, नोव्हेंबर १९५० मध्ये तो वारला. करही साधासुधा नव्हता, ऐंशी टक्के. जमिनी, चित्रे, दुर्मिळ ग्रंथ देऊन तो फेडता फेडता वर्षे गेली. बेसने बांधलेला हार्डविक हॉल कराच्या बदल्यात सरकारजमा झाला आणि १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेला. तिकीट काढून कोणालाही तो पाहता येतो. मनोऱ्यांवरची 'ई' आणि 'एस' खालच्या रस्त्यावरून दिसतात.